शेवंतीचं बाळंतपण

आमच्या घरात बाळंतपणातलं सगळं एकाच माणसाला कळतं, आणि ते माणूस म्हणजे माझ्या सासूबाई, कुंदा. हे त्या स्वतःच सांगतात. बदलापूरला, बेलवलीतल्या आमच्या सोसायटीत त्याला कोणी हरकत घेत नाही, कारण प्रत्येक मजल्यावरच्या एखाद्या तरी पोराला त्यांनी पायांवर घेऊन न्हाऊ घातलंय. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मला मूल नाही. त्यामुळे या विषयावर मी तोंड उघडलं की आई म्हणतात, "तुला काय कळतंय गं त्यातलं?" त्या हे प्रेमानेच म्हणतात. प्रेमाने म्हटल्यामुळे ते कमी लागतं असं मात्र नाही.

म्हणून शेवंती गाभण राहिली तेव्हा मी गप्प राहायचं ठरवलं होतं. शेवंती म्हणजे आमची गोल्डन रिट्रीव्हर कुत्री. रंगावरून तिचं नाव आईंनीच ठेवलेलं. पिल्लांचा बाप उल्हासनगरच्या भावेशचा कुत्रा. भावेशचं तिथे भांड्यांचं दुकान आहे, आणि कुत्र्यांची गाठ पडली त्या दिवसापासून तो माझ्या सासऱ्यांना "समधीजी" अशी हाक मारायला लागला होता. बाबा आधी वैतागले, मग तेही त्याला चहाला बोलवायला लागले.

त्याच सुमारास माझी नणंद राजसीही गरोदर होती. तिला अंबरनाथला दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे, आणि तारीख संक्रांतीच्या पुढेमागे. शेवंतीचं त्याआधी. "बरंच झालं, रंगीत तालीम होईल," आई म्हणाल्या आणि कामाला लागल्या. दोघींसाठी खोली एकच ठरली, आमच्या फ्लॅटमधली तिसरी, सगळ्यात लहान. राजसीच्या बाळासाठी तिथे छताच्या हुकाला पाळणा आधीच टांगलेला होता. त्याच्या खाली जुन्या गोधड्या घालून शेवंतीचं अंथरूण केलं. मला तो रिकामा पाळणा आणि त्याखाली धापा टाकत पडलेली कुत्री, हे एकत्र बघायला नको वाटायचं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

डोहाळजेवणसुद्धा झालं. हसू नका, खरंच झालं. सोसायटीतल्या बायका जमल्या, शेवंतीच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, आणि गाणं संपायच्या आत ती माळ तिने खाऊन टाकली. व्याह्यांकडून म्हणून भावेशने एक लोखंडी शेगडी पाठवली होती, नवीकोरी, काळी कुळकुळीत, कडांना पितळी फुलं. "मम्मीजी, डिलिव्हरीवाले घर में चाहिए ना," असा त्याचा फोन. आईंना ती शेगडी इतकी आवडली की त्यांनी तिला हळदकुंकू लावलं.

डिसेंबरात शेवंतीला पिल्लं झाली. सात. शिरगावच्या जनावरांच्या डॉक्टर जिज्ञासा रात्रभर फोनवर होत्या आणि सकाळी येऊन तपासून गेल्या. सगळी पिल्लं ठीक होती, फक्त एक जरा लहान. डॉक्टरांनी सांगितलं की कुत्र्याच्या पिल्लांना सुरुवातीला स्वतःच्या अंगात ऊब धरता येत नाही, त्यांना गार पडू द्यायचं नाही. कोपऱ्यात बल्ब लावा, आईला त्यापासून लांब सरकायला जागा ठेवा, दूध पाजताना लक्ष ठेवा. मी सगळं डोक्यात बसवलं. सकाळ-संध्याकाळ वजनं करायची, गोधड्या बदलायच्या, शेवंतीला नाचणीची पेज आणि उकडलेलं चिकन द्यायचं, लहानग्याला इतरांनी ढकललं की उचलून पुढच्या आचळाला लावायचं. हे सगळं मी करत होते. मी घरूनच अकाउंट्सची कामं करते, त्यामुळे लॅपटॉप एका मांडीवर आणि पिल्लू दुसरीवर, असे माझे दिवस जात होते. खोटं कशाला बोलू, इतक्या सुखात मी कित्येक वर्षांत नव्हते.

मग थंडी पडली. बदलापूरची थंडी मुंबईकरांना खोटी वाटते, पण डिसेंबरात इथे सकाळी अंगावर दोन स्वेटर लागतात. त्यात लाईट जायला लागली. बल्ब विझला की पिल्लं एकमेकांवर चढून कुंई कुंई करायची. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा आईंनी खालच्या इस्त्रीवाल्या राजूकडून कोळसे आणले, गॅसवर जाळी ठेवून फुलवले आणि शेगडीत भरले. वर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, लसणाची सालं. खोलीत धूर झाला, आईंचे डोळे पाणावले आणि चेहरा उजळला.

"बाळंतिणीला शेक आणि धुरी लागतेच," त्या म्हणाल्या. "माणूस काय आणि जनावर काय."

त्यांच्या माहेरी, मुरबाडच्या बाजूला, बाळंतिणीच्या खाटेखाली अशीच शेगडी असायची. ते कौलारू घर. मी पाहिलंय. कौलांच्या फटींतून आत बसल्या बसल्या चांदणं दिसायचं, आणि दाराच्या खालून मांजर आरामात ये-जा करायची. आमच्या खोलीला अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत, घट्ट बसणाऱ्या. तरी फटीतून वारा येतो म्हणून आईंनी खिडकीच्या चौकटीत जुन्या साडीच्या पट्ट्या ठासल्या होत्या, आणि धुरी चालू असली की दाराखालीही साडीची सुरळी सारायच्या. कौलं नव्हती ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. तेव्हा माझ्याही आली नाही.

शेवंतीच्या मात्र आली.

पहिल्या धुरीनंतर दार उघडलं तशी ती उठली, सगळ्यात जवळचं पिल्लू मानगुटीला धरून उचललं आणि तडक हॉल ओलांडून पुढच्या बाल्कनीत गेली. तिथे चपलांच्या स्टँडमागे, गार फरशीवर, तिने ते ठेवलं आणि दुसऱ्याला न्यायला आली. रिट्रीव्हरचं तोंड फार मऊ असतं, पिल्लाला ओरखडाही आला नाही. आई ओरडत तिच्या मागे, मी आईंच्या मागे. पिल्लं परत आणली. दुसऱ्या दिवशी धुरीनंतर तेच. तिसऱ्या दिवशी तर शेगडी दिसताच तिने सुरुवात केली.

"मांजरीसारखी पिल्लं फिरवायला लागली ही," आई म्हणाल्या. "मातलीय. गार पडून मरतील ती, एवढंही कळत नाही हिला."

"आई, तिला त्या खोलीत काहीतरी खुपतंय," मी म्हणाले.

"धुराने नाक चुरचुरत असेल. राजसीलाही चुरचुरेल. म्हणून काय बाहेर जाऊन झोपणारे ती?"

मी डॉक्टर जिज्ञासांना फोन केला. त्या म्हणाल्या, धूर अजिबात नको, पिल्लांची फुफ्फुसं एवढीएवढीशी असतात. मी फोन स्पीकरवर टाकला होता, आईंनी ऐकलं आणि मान डोलावली. त्या दिवसापासून त्यांनी धूर बंद केला. म्हणजे ओवा आणि लसूण घालायचं थांबवलं, कोळसे बाल्कनीत ठेवून पूर्ण लाल होऊ दिले, धुराची शेवटची रेघ विरेपर्यंत वाट पाहिली, आणि मगच शेगडी आत नेली. "बघ," त्या मला म्हणाल्या, "धूर नाही, नुसता निखारा. झालं समाधान?" निखारा खरंच सुंदर दिसत होता. खोली छान उबदार झाली. मी काय बोलणार? डॉक्टरांनी धूर नको म्हटलं होतं, आणि धूर नव्हता.

तरी शेवंती पिल्लं बाहेर काढतच राहिली.

सगळ्यात भीतीदायक गोष्ट ही की त्या दिवसांत घर खूप शांत झालं होतं. शेकानंतर पिल्लं गाढ झोपायची. कोणी कुरकुरायचं नाही, कोणी दुधासाठी भांडायचं नाही. "बघ कशी शहाण्यासारखी झोपलीत," आई म्हणायच्या, आणि त्यांच्या सोबत आत बसून स्वतःही पेंगायच्या. उठल्यावर त्यांचं डोकं दुखायचं. त्या बाम चोळायच्या, डोक्याला रुमाल बांधायच्या आणि थंडी बाधली म्हणून पुन्हा त्या उबेत जाऊन बसायच्या. एकदा मीही तासभर आत काम करत बसले, तर आकडे डोळ्यांपुढे पोहायला लागले आणि मळमळायला लागलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं मला वाटलं.

मग ते लहानगं पिल्लू गेलं. सकाळी त्याला उचललं तर ते मऊ होतं, पण हाताला काहीच परत देत नव्हतं. मी त्याला छातीशी धरून बराच वेळ चोळत राहिले. शेवंती माझ्या गुडघ्याला नाक लावून उभी होती आणि माझ्याकडे नाही, दाराकडे बघत होती. आई रडल्या, मनापासून रडल्या, आणि म्हणाल्या, "पहिल्यापासूनच अशक्त होतं गं. आणि ही बया त्याला त्या गार फरशीवर नेऊन ठेवते. आता शेक वाढवायला हवा."

तेव्हा माझा तोल गेला. "शेक बंद करा," मी म्हणाले. "तुमच्या शेकानेच होतंय हे. तिच्याकडे बघा ना जरा! ती आई आहे त्यांची!"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, कीव केल्यासारखं. "आणि मी कोण आहे? दोन वाढवलीत मी. दोघांनाही याच शेकावर वाढवलंय. तुला काय कळतंय त्यातलं?"

मी माझ्या खोलीत जाऊन उशी भिजवली. समीर, माझा नवरा, कामावरून आला आणि म्हणाला, "आईशी कशाला डोकं लावतेस? महिन्याभराचा प्रश्न आहे." बाबा पेपर वाचत होते, ते वाचतच राहिले. हे माझे सासरे अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. टाकीत माणूस उतरवायचा तर हवा तपासल्याशिवाय ते सही करायचे नाहीत, मालक ओरडला तरी. ही गोष्ट त्यांनी मला शंभर वेळा सांगितलेली आहे. आणि घरात तेच बाबा चिमट्याने निखारे उचलून बायकोच्या शेगडीत घालत होते. कारखाना आणि घर या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात कधी एका ओळीत आल्याच नाहीत.

मला रात्री झोप लागेना. राजसीची तारीख जवळ येत होती. ती त्या खोलीत येणार, पाळण्यात बाळ निजणार, खाली शेगडी असणार, आणि तिला बाहेर काढायला कोणी शेवंती नसणार. हे मी समीरला सांगितलं तर तो म्हणाला, "तू फार विचार करतेस." मी आईंना सांगायला गेले नाही. त्यांना तो मत्सर वाटला असता, आणि त्यात थोडा मत्सर होताही.

तो प्रकार शुक्रवारी सकाळी घडला. पिल्लं तोवर डोळे उघडून लटपटत चालायला लागली होती, आणि शेवंती दाराचा दांडा पंजाने खाली दाबून दार उघडायला शिकली होती. मला शिरगावला डॉक्टरांकडून जंताचं औषध आणायचं होतं. निघताना लाईट होती, बल्ब चालू होता, शेगडी बाल्कनीत गार पडलेली होती. मी ती मुद्दाम बघून निघाले. तेवढा एक भरवसा घेऊन मी रिक्षात बसले.

परत आले तेव्हा जिन्यात अंधार होता. लाईट गेली होती. बाबा खाली उन्हात बसले होते. "आई कुठेत?" मी विचारलं. "वर आहे, पिल्लांपाशी. मघाशी निखारे करून दिले," ते म्हणाले.

मी जिना चढले. कुलूप काढून आत गेले. शेवंती दाराशी आली नाही. एरवी माझी चावी वाजली की तिची शेपटी आतून दारावर आपटायची. मी हाक मारली. मग आईंना हाक मारली. लहान खोलीचं दार बंद होतं. दांडा दाबला तर दार हललं नाही. शेवंतीने उघडू नये म्हणून आईंनी आतून कडी घातली होती.

मी खाली वाकले. दाराखाली साडीची सुरळी नव्हती. ती आत कुठेतरी ओढली गेली होती. त्या बोटभर फटीत, फरशीला चिकटून, एक लहानसं गुलाबी नाक होतं. त्याच्या शेजारी दुसरं. ती नाकं हलत होती. मी हात लावला तर एका नाकाने माझं बोट हुंगलं.

मी "बाबा!" म्हणून अशी ओरडले की खालपर्यंत ऐकू गेलं. बाबा धापा टाकत वर आले, त्यांनी दाराला खांदा लावला आणि मी त्यांना मागे ओढलं. "दार आत उघडतं! पिल्लं दारालाच आहेत, चिरडतील!" ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्या नाकांकडे. आणि मला दिसलं, माणसाच्या चेहऱ्यावर एखादी गोष्ट कशी येऊन पोचते ते. "कोळसा," ते म्हणाले. "बंद खोली. अगं देवा."

खोलीची खिडकी स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या बाल्कनीत उघडते. मी खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि काच फोडली. बाबा मागून ओरडत होते, "श्वास धरून जा! आत श्वास घेऊ नकोस! कडी काढ आणि बाहेर ये!" कारखान्यातला त्यांचा आवाज इतक्या वर्षांनी घरात आला. मी छाती भरून घेतली आणि चौकटीवरून आत उतरले. गुडघा कापला गेला ते नंतर कळलं.

आई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय पसरून, मान एका बाजूला. गाल लालसर, छान झोप लागल्यासारख्या. शेगडी मधोमध, धूर नाही, नुसता निखारा. दाराच्या फटीशी सहाही पिल्लं दाटीवाटीने पालथी पडली होती, नाकं फटीला. साडीची सुरळी फाडून, ओढून खोलीच्या मध्यापर्यंत आणलेली होती. दाराच्या खालच्या भागावर नखांचे ओरखडे होते. पिल्लांच्या मागे शेवंती पडली होती. फटीपाशी तिच्यासाठी जागा उरली नव्हती.

मी पिल्लं दोन्ही हातांनी बाजूला सारली आणि कडी काढली.

आईंना शेजारच्या मधुकाकांच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं. नाकाला ऑक्सिजन लावला. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "घरात कोळसा पेटवला होता का?" बाबांनी मान खाली घातली. डॉक्टर म्हणाला, कोळशाच्या या वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि धूर संपल्यावरही तो येतच राहतो. काच फुटायला थोडा उशीर झाला असता तर तो काहीच करू शकला नसता. आई दुसऱ्या दिवशी बोलायला लागल्या. त्यांनी पहिलं विचारलं, "पिल्लं?" मी म्हणाले, "सहाही आहेत." त्यांनी शेवंतीचं विचारलं नाही. माझ्या चेहऱ्यावर असेल ते.

घरी आल्यावर बाबांनी सगळ्यांसाठी एक गोष्ट तयार केली. कुंदाचं बीपी एकदम खाली गेलं, आणि शेवंतीला बाळंतपणात ताप चढला. शेजाऱ्यांना हीच गोष्ट, भावेशला हीच, राजसीला तर हीच, कारण तिला या अवस्थेत धक्का नको. "लोक काय म्हणतील, घरात सेफ्टी ऑफिसर आणि..." बाबा म्हणाले. मला संताप आला. जिने दात लावून त्या साडीच्या चिंध्या केल्या, तिच्या नावावर ताप! पण आई खोलीच्या दारात सुद्धा जात नव्हत्या, बोलत नव्हत्या, जेवत नव्हत्या. त्यांच्यासमोर मी ओरडू शकले नाही. शेगडी मी गच्चीवर नेऊन उलटी टाकली.

आणि मग पिल्लं माझ्याच गळ्यात पडली. सहा तोंडं, आणि आई नाही. डॉक्टर जिज्ञासा रोज संध्याकाळी येऊन दाखवून जायच्या. पातळ पेज बशीत, मग घट्ट, मग भिजवलेले दाणे. शेपटीखाली ओल्या फडक्याने पुसायचं, जसं शेवंती चाटायची तसं, नाहीतर त्यांना शी होत नाही. गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून मध्ये ठेवायच्या. माझ्या कुशीत झोपताना ती माझ्या गळ्यात आचळ शोधायची, आणि मी रडायचे. आई हॉलमधून बघायच्या. एकदा त्यांनी न बोलता बाटल्यांत गरम पाणी भरून आणून दिलं. बाटली हातात देताना त्यांची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्त वेळ राहिली.

राजसीला मुलगी झाली. हॉस्पिटलमधून ती आली त्या दिवशी घर माणसांनी भरलं. त्यात द्रौपदीआत्याही होत्या, बाबांच्या थोरल्या बहीण, वांगणीच्या. आमच्या घरात आईंच्या वरचा शब्द कोणाचा असेल तर तो यांचा. राजसी आणि बाळ त्याच लहान खोलीत होती. नवी काच लावलेली होती, मी ती खिडकी हातभर उघडी ठेवली होती. मी बाल्कनीत पिल्लांची बशी भरत होते, तेव्हा मला ओव्याचा वास आला.

मी स्वयंपाकघरात धावले. आत्यांनी कोळसे गॅसवर फुलवून येताना आणलेल्या पितळी घमेल्यात घेतले होते. "काय गं कुंदा, बाळंतिणीला धुरी नाही?" त्या म्हणत होत्या. "विसरलीस का? आणि ती खिडकी लावा आधी, पोरीला वारा लागेल."

"आत्या, ते आत नेऊ नका," मी म्हणाले.

आत्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "तुला काय कळतंय गं त्यातलं?"

हॉलमधून समीरने माझ्याकडे बघून मान हलवली, सोड म्हणून. बाबा म्हणाले, "ताई, डॉक्टरांनी धूर नको सांगितलाय."

"धूर कुठाय रे? लाल होऊ दिलेत मी. नुसता निखारा आहे."

आई सोफ्यावरून उठल्या. हॉस्पिटलातून आल्यापासून त्यांची चाल संथ झाली होती. त्या चालत खोलीच्या दारात गेल्या, तेच दार, खालच्या बाजूला ओरखडे असलेलं, आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या राहिल्या.

"वन्सं, तिला कळतं," त्या म्हणाल्या. "मला कळत नव्हतं."

आत्यांचा चेहरा पडला. एवढ्या लोकांत कोणी त्यांना असं अडवलं नव्हतं. "बरं बाई. तुमचं घर, तुमची रीत. नको तर नको. माझ्या धाकट्या जावेकडे, वेणूकडे तरी कदर आहे. तिची सून बाळंत झालीय, शिरगावला नव्या टॉवरमध्ये. काल मीच शिकवून आले तिला सगळं. खिडक्या अशा घट्ट आहेत की ऊब कशी टिकून राहते. याच वेळेला देते ती शेक."

मी आईंकडे पाहिलं. बाबांकडे पाहिलं. बीपीची गोष्ट त्यांच्या तोंडात तयार होती. हॉलमध्ये सोसायटीतल्या निम्म्या बायका होत्या, ज्यांची पोरं आईंनी पायांवर न्हाऊ घातली होती.

"माझं बीपी नव्हतं, वन्सं," आई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "शेवंतीला ताप नव्हता. ती रोज पिल्लं बाहेर नेत होती, रोज मला सांगत होती. मी आतून कडी घातली. मी मारलं तिला. या निखाऱ्यावर. मीही गेलेच होते, हिने काच फोडली म्हणून इथे उभी आहे."

आतून राजसीने "आई?" म्हटलं.

आईंनी आत्यांच्या हातातलं घमेलं घेतलं, मोरीत नेऊन ठेवलं आणि वर बादलीभर पाणी ओतलं. मोठा चर्र आवाज झाला आणि मग थांबला. त्या पदराला हात पुसत परत आल्या.

"श्रद्धा, वेणूला फोन लाव. स्पीकरवर नको. माझ्याकडे दे."

मी लावला. घंटी वाजत राहिली. कोणी उचलला नाही, फोन आपोआप कटला. आत्या खाली खुर्चीत बसल्या. "झोपली असतील," त्या हळूच म्हणाल्या, आणि म्हटल्याबरोबर त्यांनी तोंडावर हात ठेवला. बाबा चपला घालून स्कूटरची चावी शोधायला लागले. मी पुन्हा लावला. आईंनी फोन कानाला इतका घट्ट दाबून धरला होता की त्यांचं बोट पांढरं पडलं होतं. घंटी वाजत होती, मलाही ऐकू येत होती.

मग पलीकडून कोणीतरी जड, झोपाळू आवाजात "हॅलो" म्हणालं.

"वेणू, मी कुंदा," आई म्हणाल्या. "आधी उठ आणि खिडकी उघड. मग सांगते."